आपला आमदार दुसऱ्या पक्षाचा, तरी फोन करायचा: टेक्सासच्या बंदूक-विधेयकामागे घालवलेला काळ

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला एकच प्रश्न सारखा येतो. "ताई, आपला आमदार रिपब्लिकन. बंदुकीच्या बाबतीत तो पक्षाची रेघ सोडणार नाही. मग फोन करून, पत्र लिहून उपयोग काय?" मे २०२४च्या अखेरीस इथल्या प्रायमरीची, म्हणजे पक्षाची उमेदवारी ठरवणाऱ्या निवडणुकीची, रनऑफ (निर्णायक दुसरी फेरी) झाली आणि रायफल विकत घ्यायचं वय १८वरून २१ करणाऱ्या ज्या विधेयकाच्या मागे आम्ही लागलो होतो त्याचा शेवटचा हिशेब लागला. आता सगळं नीट सांगता येईल. कोणाला कधी फोन करायचा, साक्षीला जायचं म्हणजे काय करायचं, पैसे किती लागतात, आणि हा पक्षाचा प्रश्न मुळात आहे तरी कसा, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला कॉलिन काउंटीत राहतो. मी मूळची सांगलीची. २४ मे २०२२ला युवाल्डी गावातल्या रॉब एलिमेंटरी शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा माझी मुलगीही चौथीतच होती. मारेकरी १८ वर्षांचा होता. वाढदिवस झाल्यावर काही दिवसांतच त्याने दोन रायफली दुकानातून रीतसर विकत घेतल्या होत्या. तेव्हा परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ लागत होतं, पण रायफल १८व्या वर्षी मिळत होती, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. मुलीला शाळेत सोडून परत येताना गाडी पार्किंगमध्येच उभी करून मी खूप वेळ बसून राहायचे. काहीतरी केल्याशिवाय आता राहवणार नाही, एवढंच कळत होतं.

पहिला फोन मी दिल्लीतल्यासारखा थेट वरच्या सभागृहाला लावला, म्हणजे वॉशिंग्टनला. तिथल्या कॅपिटलचा, म्हणजे संसद-भवनाचा, स्विचबोर्ड (२०२) २२४-३१२१. ऑपरेटरला आपलं राज्य सांगितलं की तो सिनेटरच्या कार्यालयात जोडून देतो. त्या दिवसांत लाइन सतत व्यग्र असायची आणि व्हॉइसमेल भरलेला. तसं असेल तर सिनेटरच्या राज्यातल्या कार्यालयात फोन करा. टेक्सासच्या दोन्ही सिनेटरांचं कार्यालय डॅलसमध्येही आहे आणि तिथे माणूस लवकर उचलतो.

आमचे दोन्ही सिनेटर रिपब्लिकन, पण त्या जूनमध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जॉन कॉर्निन डेमोक्रॅट सिनेटर क्रिस मर्फींबरोबर बंदुकीवरच्या केंद्रीय विधेयकाच्या वाटाघाटीला बसले, टेड क्रूझ विरोधात राहिले. १७ जूनला ह्यूस्टनच्या पक्ष-अधिवेशनात कॉर्निन बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. तरी २३ जूनला सिनेटने ते विधेयक ६५ विरुद्ध ३३ने मंजूर केलं. पंधरा रिपब्लिकनांनी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी खालच्या सभागृहात २३४ विरुद्ध १९३. तिथे चौदा रिपब्लिकन बाजूने होते आणि टेक्सासमधला त्यांच्यातला एकच, टोनी गोन्झालेस, ज्यांच्या मतदारसंघात तेव्हा युवाल्डी येत होतं. २५ जूनला अध्यक्षांची सही झाली. वयापुरतं बोलायचं तर, २१ वर्षांखालच्या खरेदीदाराची पार्श्वभूमी जास्त खोलवर तपासायची, एवढं त्या कायद्याने झालं. वय मात्र वाढलं नाही.

इथे जरा थांबते, कारण भारतातून आलेल्या आपल्या डोक्यात पक्ष म्हणजे व्हिप हे पक्कं बसलेलं असतं. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिप मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. मग एकेकट्या आमदाराच्या मागे लागून हाती फारसं काही येत नाही, नेत्याकडेच जावं लागतं. अमेरिकेत तसा कायदा नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कोणाची जागा जात नाही. शिक्षा होते ती पुढच्या प्रायमरीत. आमदाराला भीती असते ती त्या मतदारांची. म्हणूनच 'तो त्यांचा माणूस आहे, आपलं ऐकणार नाही' हे वाक्य मला अर्धंच खरं वाटतं. पंधरा आणि चौदा हे आकडे मोठे नाहीत, पण ते शून्य नाहीत, आणि प्रत्येक आकड्यामागे एक कार्यालय आहे जिथे कोणीतरी फोन उचलत होतं.

वय १८चं २१ करायचं तर आता लक्ष राज्याकडे वळवायला हवं होतं. टेक्सासचं विधिमंडळ दर विषम वर्षी जानेवारीत भरतं आणि १४० दिवस चालतं. बस, एवढंच. मधे काही तातडीचं असलं तर राज्यपालांनी विशेष अधिवेशन बोलवावं लागतं. युवाल्डीच्या पालकांनी तशी मागणी केली होती, ती मान्य झाली नाही. त्यामुळे जानेवारी २०२३पर्यंत थांबणं आलं.

तो काळ मी आमदार ओळखून घेण्यात घालवला, आणि तुम्हालाही तेच सांगेन. अधिवेशन नसताना जा. आपल्या पत्त्यावर कोण कोण येतं हे विधिमंडळाच्या 'हू रिप्रेझेंट्स मी' या पानावर कळतं. दोन सिनेटर, एक काँग्रेसमन, एक राज्याचा सिनेटर, एक राज्याचा आमदार. टेक्सासच्या हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, १५० आमदार, म्हणजे दर आमदारामागे जेमतेम दोन लाख वस्ती. त्यांना पगार महिना ६०० डॉलर, त्यामुळे बहुतेकांचा स्वतःचा धंदा किंवा वकिली असते आणि ते आपल्याच गावात भेटतात. वेळ मिळायला मात्र चिकाटी लागते. माझ्या ईमेलला आधी छापील उत्तर आलं: दुसरी घटनादुरुस्ती (शस्त्र बाळगण्याचा हक्क), कायद्याने वागणाऱ्या नागरिकांचे हक्क, आभार. मी फोन करून अपॉइंटमेंट मागितली. काही आठवड्यांनी ऑक्टोबरात मिळाली, आमदारांची नाही, त्यांच्या सहायकाची.

पंचविशीतला मुलगा होता. मी सोबत एक पान नेलं होतं, दोन्ही बाजूंनी नाही, एकच बाजू. त्याने वहीत माझं नाव, झिप कोड, विषय आणि 'बाजूने' असं लिहून घेतलं. मी विचारलं, तुम्ही हे मोजता का? तो म्हणाला, "एकाच नमुन्याची शंभर ईमेलं आली तर आम्ही शंभर असा आकडा लिहितो. स्वतःच्या शब्दांतलं पत्र असलं तर ते फाइलला लागतं आणि साहेबांच्या समोर जातं. मतदारसंघाबाहेरचं असलं तर बाजूला." मग त्याने आपणहून सांगितलं, "आम्हाला रोज फोन येतात ते दुसऱ्या बाजूचे. तुमच्या बाजूचे लोक काही घडलं की दोन आठवडे करतात आणि थांबतात." हे ऐकून मला वाईट वाटलं, पण त्याने ते खरं सांगितलं याबद्दल मी त्याची आजही आभारी आहे. त्यानंतर मी दर महिन्याला एक फोन हा नेम ठेवला.

फोनवर बोलायचं ते एवढंच: "मी अमुक, झिप कोड अमुक, तुमच्या मतदारसंघात राहते. अमुक नंबरच्या बिलाला रिप्रेझेंटेटिव्हनी पाठिंबा द्यावा अशी माझी विनंती आहे. त्यांची भूमिका काय आहे ते मला लेखी कळवाल का?" वाद घालायचा नाही. फोनवरचं पोरगं किंवा पोरगी कायदा करत नाही. शेवटचा प्रश्न मात्र सोडायचा नाही, कारण लेखी उत्तर द्यायचं म्हटलं की कार्यालयाला भूमिका ठरवावी लागते.

एच-वन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी: मत देता येत नाही, पण मतदारसंघ आखताना लोकसंख्येत तुमचीही डोकी मोजलेली असतात. फोन करा. मला कोणीही नागरिकत्व विचारलं नाही, पत्ता विचारला.

याच काळात आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका काकांशी माझी खूप चर्चा झाली. मूळचे नाशिकचे, तीस वर्षं इथे, दर हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जातात, घरी कपाटात कुलपात रायफली. ते म्हणाले, "अठराव्या वर्षी पोरगा सैन्यात जातो, मतदान करतो. मग शेतावर रानडुक्कर मारायला त्याने रायफल का घेऊ नये?" प्रश्न खोटा नाही. इथल्या ग्रामीण भागात रानडुकरांचा उपद्रव खरंच आहे. काकांशी बोलून मला कळलं की 'बंदुका नकोत' असं मोघम बोललं की समोरचा कान बंद करतो. कुठली बंदूक, कोणाला, कोणत्या वयात, एवढंच बोलायचं.

१० जानेवारी २०२३ला अधिवेशन सुरू झालं. हाउसमध्ये ८६ रिपब्लिकन, ६४ डेमोक्रॅट. युवाल्डी भागाचे आमदार ट्रेसी किंग, डेमोक्रॅट, यांनी फेब्रुवारीत एचबी (हाउस बिल) २७४४ दाखल केलं. काढता येणारं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) असलेली, .२२पेक्षा मोठ्या कॅलिबरची (गोळीच्या जाडीची) सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी, रायफल २१ वर्षांखालच्याला विकायची नाही. पोलीस आणि सैन्यातल्यांना सूट. काकांच्या सैनिकाच्या मुद्द्याला त्यात उत्तर होतं, ते मी त्यांना वाचून दाखवलं. राज्यपाल ग्रेग अ‍ॅबट यांनी मात्र असा कायदा घटनाबाह्य ठरेल असं आधीच म्हटलं होतं. त्याला आधार होता: २०२२मध्ये फोर्ट वर्थच्या फेडरल न्यायालयाने १८ ते २० वयाच्या लोकांना पिस्तूल बाहेर बाळगायला असलेली टेक्सासची बंदी रद्द केली होती. सभापती डेड फेलन यांनीही हाउसमध्ये एवढी मतं दिसत नाहीत असं सांगून टाकलं होतं.

बिल दाखल झालं म्हणजे काहीच होत नाही. ते कमिटीकडे जातं, आणि सुनावणी लावायची की नाही हे कमिटीचा अध्यक्ष ठरवतो. 'टेक्सास लेजिस्लेचर ऑनलाइन'वर बिलाचा नंबर टाकून ईमेल अलर्ट लावून ठेवा. फुकट आहे. हाउसमधल्या सुनावणीची सूचना साधारण पाच दिवस आधी निघते, म्हणजे रजा मागायला तेवढाच वेळ. १८ एप्रिल, मंगळवार, अशी सूचना आली.

राज्याची राजधानी ऑस्टिन आमच्याकडून आय-३५ महामार्गाने चार तास, वाहतूक चांगली असेल तर. आम्ही तिघी मैत्रिणी आदल्या रात्री निघालो आणि गावाबाहेर मोटेलात राहिलो. तिघींत वाटून पेट्रोल, खोली आणि जेवण मिळून माणशी शंभर डॉलरच्या आत बसलं. सॅन हसिंटो रस्त्यावर पाहुण्यांसाठी पार्किंग गॅरेज आहे. तेव्हा पहिले दोन तास फुकट होते, मग दर अर्ध्या तासाला एक डॉलर, दिवसाला जास्तीत जास्त बारा. खाणं बरोबर ठेवा. आतल्या कॅफेटेरियात संध्याकाळनंतर काही मिळेल अशा भरवशावर राहू नका. आमच्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, त्या रात्रीपर्यंत पुरल्या आणि शेजारच्या बाकावरच्यांनाही दिल्या. चार्जर, लोकरीचं काहीतरी आणि औषधं विसरू नका. सुनावणीच्या खोल्यांत एसी फार गार असतो.

इथल्या कॅपिटलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, दारावर मेटल डिटेक्टर आहेत. बंदुकीचा परवाना असलेल्यांसाठी वेगळी रांग आहे, ते परवाना दाखवून बंदुकीसह आत जातात. बंदुकीच्या कायद्याबद्दल बोलायला आलेल्या माणसाला हे पाहून धक्का बसतो, म्हणून आधीच सांगून ठेवते.

कमिटीच्या खोल्या कॅपिटलच्या मागच्या बाजूला जमिनीखालच्या विस्तारात आहेत. कॉरिडॉरमध्ये टॅब्लेट लावलेले असतात, किंवा इमारतीच्या वायफायवर आपल्याच फोनवरून नोंदणी होते. नाव, पत्ता, कोणाच्या वतीने (मी 'स्वतः' निवडलं), बिलाचा नंबर. मग तीन पर्याय: बाजूने, विरोधात, किंवा नुसतं बिलाविषयी. त्याच्याखाली: बोलणार की नाही. खाली, आपण सांगतो ते खरं आहे अशी प्रतिज्ञा. ही नोंद सार्वजनिक असते, साक्षीदारांच्या यादीत नाव छापलं जातं. कोणाला नोकरीमुळे अडचण असेल तर आधी विचार करा. मला ती यादी फार महत्त्वाची वाटते. बोलायचं धाडस नसलं तरी 'बाजूने, बोलणार नाही' अशी नोंद करून निघून गेलात, तरी तुमची मोजणी होते. ऑस्टिनला जाणंच शक्य नसेल तर हाउसच्या संकेतस्थळावर सुनावणीपुरतं टिप्पणीचं पान उघडतं. टेक्सासचा रहिवासी असणं पुरे, मर्यादा ३,००० अक्षरं.

मी दोन मिनिटांचं भाषण लिहून नेलं होतं, घरी घड्याळ लावून वाचलं होतं. सकाळी कामकाज सुरू झालं आणि थोड्या वेळाने हाउसचं सत्र असल्यामुळे कमिटी थांबली. पुढे पुन्हा सुरू झाली तेव्हा बंदुकीवरची दुसरीच बिलं आधी होती. युवाल्डीची कुटुंबं सकाळपासून बसलेली होती. मुलांचे फोटो छापलेले टी-शर्ट, मांडीवर फ्रेम, कोणाच्या हातात मुलीची वही. दुपार झाली, संध्याकाळ झाली. एक आजोबा भिंतीला टेकून जमिनीवर झोपले होते आणि त्यांची सून त्यांच्या डोक्याखाली स्वतःचं जॅकेट सरकवत होती. तेरा तासांहून जास्त वाट पाहिल्यावर, मध्यरात्रीच्या सुमाराला त्यांना बोलवलं. वेळ कमी आणि यादी लांब, म्हणून मी माझी नोंद 'बोलणार नाही' अशी करून घेतली. त्या रात्री बोलण्याचा हक्क त्यांचा होता.

एकेक पालक बोलले. काहीजण सांगत होते की आपल्या लेकराला कशावरून ओळखलं. कमिटीतले दोन्ही पक्षांचे लोक मान खाली घालून ऐकत होते. तिथे मी एका गोष्टीकडे लक्ष ठेवलं होतं: खोलीत कोण थांबतं आणि कोण फोन घेऊन बाहेर जातं. जे रिपब्लिकन शेवटपर्यंत बसले त्यांची नावं मी लिहून ठेवली. अध्यक्षांनी बिल प्रलंबित ठेवलं, म्हणजे मत घेतलं नाही.

परतल्यावर मी आमच्या आमदारांच्या कार्यालयाला सांगितलं की मी तिथे होते आणि काय ऐकलं. कमिटीतल्या एका दुसऱ्या आमदारांनाही फोन केला. तिथे नम्रपणे सांगितलं गेलं की तुम्ही आमच्या मतदारसंघातल्या नाही. हे खरंच आहे. अशा वेळी उपाय एकच, त्या मतदारसंघात राहणारा माणूस शोधायचा. मंडळाच्या यादीतून रॉकवॉल आणि स्प्रिंगकडे, म्हणजे कमिटीतल्या दोन रिपब्लिकन आमदारांच्या भागांत, राहणाऱ्या ओळखी काढल्या. डेमोक्रॅट की रिपब्लिकन हे विचारलंच नाही. दोन-तीन घरांनी फोन केले, एकाने पत्र टाकलं.

मग ६ मे आला, शनिवार. अ‍ॅलनचा आउटलेट मॉल आमच्या घरापासून लांब नाही. दिवाळीची खरेदी, पाहुण्यांना फिरवणं, सगळं तिथेच. दुपारी फोन वाजायला लागले. मॉलमधल्या गोळीबारात आठ माणसं मारली गेली, त्यांत लहान मुलं होती आणि तेलंगणातून आलेली एक तरुण इंजिनीअर मुलगीही. आपल्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर त्या रात्री 'सगळे सुखरूप ना' एवढंच चाललं होतं. प्रामाणिकपणे सांगायला हवं: त्या मारेकऱ्याचं वय ३३ होतं, एचबी २७४४ने तो थांबला नसता. काकांनी मला हेच फोनवर म्हटलं. मी म्हटलं, काका, युवाल्डीतला थांबला असता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "नंबर सांग बिलाचा."

८ मे, सोमवार, हा हाउसच्या बिलांना कमिटीतून बाहेर पडायचा शेवटचा दिवस. मत होणार नाही असंच सगळे धरून चालले होते. कॅपिटलमध्ये लोक सकाळपासून घोषणा देत होते, वय वाढवा, वय वाढवा. मी कामावर होते, एका कानात इअरफोन. अचानक कमिटी बसली आणि ८ विरुद्ध ५ने बिल मंजूर झालं. सहा डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन: सॅम हार्लेस आणि जस्टिन हॉलंड. बाहेर युवाल्डीचे पालक एकमेकांना मिठ्या मारून रडत होते. मीही ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. हॉलंड यांनी नंतर निवेदन काढलं त्याचा आशय असा की साक्षी ऐकल्यावर त्यांची खात्री पटली, हा छोटा बदल एखाद्या तरुणाच्या वाटेत मोठा अडथळा ठरू शकतो. माझ्या दृष्टीने सगळ्या खटपटीतली सर्वांत महत्त्वाची ओळ ती. साक्ष ऐकून एका माणसाने आपलं मत बदललं आणि तसं जाहीरपणे लिहून दिलं.

आनंद एक दिवस टिकला. कमिटीतून सुटलेलं बिल सभागृहात यायला मधे कॅलेंडर्स कमिटी असते. कोणतं बिल कोणत्या दिवशी चर्चेला घ्यायचं ते ती ठरवते. त्या आठवड्याच्या गुरुवारी हाउसच्या बिलांची शेवटची चर्चा व्हायची होती, आणि तिच्या यादीत येण्याची मुदत मंगळवारी, ९ मेच्या रात्री संपत होती. एचबी २७४४ यादीत आलं नाही. दीडशे आमदारांपैकी कोणालाही हो किंवा नाही म्हणावं लागलं नाही. इथे बहुतेक बिलं मतदानात पडत नाहीत, तारखेने मरतात. म्हणून ज्याला या कामात पडायचं असेल त्याने राज्यघटना नंतर वाचावी, आधी अधिवेशनाचं वेळापत्रक छापून फ्रिजवर लावावं. मार्चच्या मध्यापर्यंत बिल दाखल व्हायची मुदत, मेच्या दुसऱ्या आठवड्यात कमिटीची, लगेच कॅलेंडर्सची. सुनावणी एप्रिलच्या मध्यावर लागली तेव्हाच वेळ संपत आली होती, हे मला नंतर कळलं. फोनचा सगळा जोर फेब्रुवारी-मार्चमध्ये 'सुनावणी लवकर लावा' यासाठी लागायला हवा.

२९ मेला अधिवेशन संपलं. हाती अगदी काही लागलं नाही असंही नाही. १६ वर्षांपासूनच्या अल्पवयीनांना न्यायालयाच्या आदेशाने मानसोपचारासाठी दाखल केलं असेल, तर ती नोंद फेडरल पार्श्वभूमी-तपासणीत जावी, असं एसबी (सिनेट बिल) ७२८ दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालं. काकांनी त्या बिलासाठी स्वतः फोन केला होता. त्यावर पक्षांत भिंत उभी राहिली नाही.

पुढची गोष्ट २०२४ची. ५ मार्चला प्रायमरी होती. टेक्सासमध्ये मतदार-नोंदणीला पक्ष जोडलेला नसतो. त्या दिवशी कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते आपण सांगायचं. आमच्या भागात नोव्हेंबरचा निकाल बहुधा रिपब्लिकन प्रायमरीतच लागतो, तरी आपले बहुतेक लोक प्रायमरीला जातच नाहीत. एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं तर रनऑफमध्येही त्याच पक्षाची मतपत्रिका घ्यावी लागते, एवढं लक्षात ठेवा. नोंदणी निवडणुकीच्या तीस दिवस आधी हवी, आणि नवीन नोंदणी इथे ऑनलाइन होत नाही, कागद भरून टपालाने किंवा हातोहात द्यावा लागतो.

२८ मेच्या रनऑफमध्ये जस्टिन हॉलंड कट्रिना पिअर्सन यांच्याकडून हरले. त्यांच्याविरुद्ध इतरही मुद्दे होते, पण वयाच्या बिलावरचं मत प्रचारात सतत उगाळलं गेलं. त्याच दिवशी टोनी गोन्झालेस, ज्यांच्यावर मार्च २०२३मध्ये राज्यातल्या पक्षाने निषेधाचा ठराव केला होता, ते बंदुकांचे व्हिडिओ करणाऱ्या एका यूट्यूबरविरुद्ध काहीशे मतांनी वाचले. ऑस्टिनमध्ये मध्यरात्रीपर्यंत बसून ऐकणाऱ्याची किंमत काय असते ते मी त्या रात्री आकड्यांत पाहिलं. मला त्याचा राग आला, अजून येतो. पक्षाबाहेर मत देणाऱ्याच्या मागे मतदानाला कोणी उभं राहत नसेल तर पुढच्या वेळी तो तरी का देईल? रॉकवॉलकडच्या आमच्या ओळखीच्या घरांपैकी एकच घर रनऑफला मतदानाला गेलं होतं.

हे मी २०२४मध्ये लिहिते आहे; पुढचं अधिवेशन १४ जानेवारी २०२५ला सुरू व्हायचं आहे. बिलं दाखल करायला नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर लगेच सुरुवात होते. आमच्या मतदारसंघातल्या काही मराठी घरांनी मिळून सप्टेंबरात आमदारांच्या कार्यालयाची वेळ मागितली आहे. या वेळी सहायकाची नाही, त्यांची स्वतःची मागितली आहे. काकाही येणार आहेत. ते त्यांचं म्हणणं मांडतील, मी माझं, आणि लेखी उत्तर दोघंही मागणार आहोत. कॉलिन काउंटीत राहणाऱ्या कोणाला यायचं असेल तर खाली लिहा. पत्त्यावरून आमदार कोण ते आधी तपासा, मतदारसंघ रस्त्याच्या मधोमध बदलतात.